हौदाला लाल चिठ्ठी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज आमचं चर्च परीक्षेत नापास झालं. पाणीखात्याची बाई आली होती, व्हियारियाल तिचं नाव. मागच्या खोलीत पाइपला दाब मोजायचं तीन नळ्यांचं घड्याळ लावून अर्धा तास बसली आणि जाताना बाप्तिस्म्याच्या हौदाच्या पाइपला तारेने एक लाल चिठ्ठी बांधून गेली.

बाई तशी बोलायला बरी. तिने मला समजावून सांगितलं. कुठे आग लागली, बंबाने पाणी खेचलं आणि गावाच्या मोठ्या नळातला दाब एकदम पडला, तर आमच्या हौदातलं पाणी उलटं फिरून सगळ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं. ते जाऊ नये म्हणून आत येणाऱ्या पाइपवर एक पितळी व्हॉल्व्ह असतो. आमच्या व्हॉल्व्हच्या आतली दोन्ही झाकणं गळतात. मी म्हटलं, "अहो, आमच्या हौदात माणसं पापं धुवायला उतरतात, त्यात घाण कसली?" ती म्हणाली, "तेच तर, मॅडम. ती पापं धुतलेलं पाणी गावाने का प्यावं?" मला हसू आलं, पण मी हसले नाही.

आता दुरुस्ती करायची किंवा नवा व्हॉल्व्ह बसवायचा, तोही परवाना असलेल्या माणसाकडूनच. मग पुन्हा चाचणी, आणि पास झाल्याचा कागद खात्यात. मुदत तीस दिवस. तोवर स्वयंपाकघराचा आणि संडासाचा नळ चालू राहील, पण हौद आणि हौदाचा हीटर बंद. चिठ्ठीला कोणी हात लावायचा नाही. "मालकाचं नाव काय लिहू?" तिने विचारलं. मालक वर बसलाय हे जिभेवर आलं होतं. पण गिलियड ग्रोव्ह बाप्टिस्ट चर्चची कारकून गेली तीस वर्षं मी आहे, इमारतीच्या कागदांवर सही माझी असते. लिहा म्हटलं, लविनिया टॉलिव्हर.

एरवी मी हे सगळं मनावर घेतलं नसतं. पण येत्या रविवारी ऑर्विलचा बाप्तिस्मा ठरलाय.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. दर रविवारी हा माणूस मला चर्चच्या दारात सोडतो आणि स्वतः पिकअपमध्ये रेडिओ लावून बसतो. मी गाडी चालवायला शिकले नाही ती त्यासाठीच, निदान दारापर्यंत तरी येईल म्हणून. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही. त्या संध्याकाळी ताकात मक्याचा ब्रेड कुस्करता कुस्करता म्हणाला, "विनी, उतरतो बाई तुझ्या त्या पाण्यात. इथे त्रेचाळीस वर्षं बाहेर गाडीत बसलो. नाहीतर वर गेल्यावर पण तू मला बाहेरच बसवशील." मी उठले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागले, त्याला माझं तोंड दिसू नये म्हणून.

हा माणूस मला पुन्हा भेटावा, एवढं एकच मागणं मी इतकी वर्षं गुडघ्यावर बसून मागितलं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चर्चची देखभाल बघणाऱ्या डीकन गेन्सना सांगितलं. चर्चचा एकूण एक पाइप रेफर्ड गेन्सच्या हातचा, हा व्हॉल्व्हसुद्धा. आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि हात थरथरतात. "परवाना असलेला माणूस" हे शब्द काढताच त्यांचा चेहरा पडला. "सिस्टर विनी, तेलाच्या विहिरींवर चाळीस वर्षं पाइप जोडले मी. देवाच्या घरात आता भाड्याचा माणूस आणणार?"

आमच्याकडे छप्पर, रंग, बाकं, सगळं आपल्याच माणसांनी केलेलं. बाहेरच्याला बोलावणं म्हणजे घरच्याला घराबाहेर काढणं. त्यात गेल्या वर्षी त्यांची बायको गेली, तेव्हापासून चर्चचे नळ आणि बिजागऱ्या एवढाच त्यांचा संसार. मी म्हटलं, बघा तुम्हीच. त्यांनी आतल्या रबरांचा संच मागवलाय.

आमचे पाळक रेव्हरंड लॉकेट म्हणाले, एक रविवार पुढे ढकलला तर काही आभाळ कोसळत नाही. ऑर्विलला सांगितलं तर तो म्हणाला, "सत्तर वर्षं सैतानाच्या घरात राहिलो. एका आठवड्याने तो काय भाडं वाढवणार आहे?"

९ फेब्रुवारी, रविवार

आज व्हायचं होतं ते झालं नाही. रबरांचा संच चुकीच्या मापाचा आला.

प्रवचनाच्या मध्येच रस्त्यापलीकडून त्यांचं गाणं सुरू झालं. न्यू गिलियड ग्रोव्ह. सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्यातून फुटून निघाले आणि नावही आमचंच घेतलं, पुढे फक्त 'न्यू' लावून. दोन्ही दारं समोरासमोर, मध्ये जेमतेम दोन गाड्या जातील एवढा रस्ता. तो मी आजवर ओलांडलेला नाही.

ऑर्विल गाडीची काच खाली करून ऐकत होता. घरी येताना म्हणाला, "गातात बरं हं पलीकडचे."

"ओरडतात," मी म्हटलं.

"त्यांचा हौद चालू आहे म्हणे. गरम पाण्याचा."

"त्यांच्याकडे सगळंच आहे. आमचा ऑर्गनसुद्धा आहे."

तो हसला आणि मग खोकत राहिला, गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याला माझी टर उडवल्याशिवाय दिवस जात नाही. या दुखण्यातही जात नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मी कपडे वाळत घालत असताना ऑर्विल पिकअप घेऊन निघून गेला. दोन तासांनी आला, ओठ निळसर. कुठे होतास म्हटलं तर म्हणे टायरमध्ये हवा भरायला. घरी येणारी नर्स, मिस डाफ्नी, त्याला खूप बोलली आणि गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. मी ती पिठाच्या डब्यात ठेवली आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डीकन गेन्सनी नवीन रबरं बसवली. पाणी सोडलं, कुठे थेंब नाही. त्यांनी कागदावर सही केली, मी केली आणि दोघांनी मिळून तो पाणीखात्यात नेऊन दिला. वाटेत त्यांनी मला आइस्क्रीम खिलवलं. रेव्हरंडना कळवून टाकलं, रविवार पक्का. ऑर्विलचा पांढरा झगा मी स्वतः शिवलाय. लांबी कमी पडते आहे, सहा फूट दोन इंच माणूस. खाली पट्टी जोडेन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद परत आला. दुरुस्ती करणाऱ्याला परवाना नाही, चाचणी घड्याळ लावून झालेली नाही, म्हणून अमान्य. बाहेरून गळत नाही म्हणजे आतून धरतो असं नाही, असं फोनवरच्या माणसाने मला सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. मी त्याला म्हटलं की माझ्या नवऱ्याकडे वेळ नाही. तो म्हणाला, मॅडम, नियम सगळ्यांना एकच आहे. आणि तो चुकीचं बोलत नव्हता. मी स्वतः तीस वर्षं लोकांना हेच वाक्य ऐकवत आले आहे.

दहा दिवस फुकट गेले. डीकन गेन्सना मी सांगितलं की खात्याचे लोक हट्टी आहेत. व्हियारियाल बाईला मी बोलावलं हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाई आली, व्हॉल्व्ह उघडला आणि बॅटरी लावून मला दाखवला. पितळेलाच तडा गेलाय, कुठल्यातरी थंडीत गोठून. रबरं बदलून उपयोग नव्हता, पूर्ण व्हॉल्व्हच बदलायला हवा. या मापाचा आता होत नाही, त्यामुळे पाइपची जोडणीही बदलावी लागणार, आणि तिला नगरपालिकेची वेगळी परवानगी. माल ह्यूस्टनहून येईल. आठ दिवस, कदाचित दहा.

तेवढ्यात डीकन गेन्स दारात उभे. त्यांनी तो तडा पाहिला, बोट फिरवलं. "एक्याण्णवचा गारठा असेल," म्हणाले. मग टोपी घातली आणि गेले. त्यांना ओरडायला तरी यायला हवं होतं.

मी बाईला विचारलं, बादल्यांनी भरला तर? ती म्हणाली भरता येईल, पण हीटर त्याच पाइपवर आहे, तो लावता येणार नाही. मिस डाफ्नीने सांगून ठेवलंय की थंड पाण्यात छाती जागच्या जागी थांबेल. म्हणजे नदीत नेऊन बुडवणंही गेलं आणि बादल्याही गेल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑर्विलचे पाय सुजून खांबासारखे झालेत. चप्पलही जात नाही. दोन उशांवर झोपायचा, आता चार लागतात.

मी घरच्या बाथटबबद्दल विचारलं. रेव्हरंड लॉकेट मोजमाप घ्यायलाही आले. ऑर्विल खुर्चीतून बघत होता. "गुडघ्यापर्यंत मी ख्रिस्ती होईन," म्हणाला, "पुढचे पाय नरकात. चालत कुठे जायचं मग?" रेव्हरंडना हसू आवरेना. मला राग आला. आम्ही पूर्ण बुडवतो. डोक्यावर चार थेंब शिंपडून घेणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत.

रेव्हरंड जाताना दारात घुटमळले. "सिस्टर, पलीकडे विचारायचं का? मी विचारतो हवं तर."

मी म्हटलं, व्हॉल्व्ह येतोच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

डीकन गेन्सनी मला चर्चला नेलं. ऑर्विलशिवाय पहिल्यांदाच, मागच्या रविवारी मी घरीच राहिले होते. त्याच्या पिकअपच्या जागेवर आज दुसऱ्याच कोणाची गाडी उभी होती.

घरी आले तेव्हा तो जागा होता. म्हणाला, "आज गायले का?"

"कोण?"

"पलीकडचे."

"तुला काय त्यांचं एवढं पडलंय?"

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, मी पुढे काहीतरी बोलेन अशी वाट बघत असल्यासारखा. मी सूप आणायला उठले.

इथे एक लिहून ठेवते, कारण बाकी कुठे लिहिता येणार नाही. सत्याऐंशी साली म्हाताऱ्या रेव्हरंड टार्व्हरना ठेवायचं की काढायचं यावर मतदान झालं. मोजलं मी. काढा एकसष्ट, ठेवा एकोणसाठ. मी उभं राहून आकडा वाचला आणि अर्धं चर्च उठून बाहेर गेलं. तीन चिठ्ठ्या मी बाद केल्या होत्या, सही नव्हती म्हणून. नियम तसाच होता, आजही पुस्तकात आहे. त्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि ऑर्विल सोडून कोणी विचारलंही नाही. आता पलीकडे त्यांचा मुलगा पाळक आहे. त्याच्या दारात मी कोणत्या तोंडाने जायचं?

२६ फेब्रुवारी, बुधवार

व्हॉल्व्ह आला. परवानगी आली नाही, सही करणारे साहेब रजेवर आहेत. मी पालिकेच्या बाकड्यावर दीड तास बसून राहिले. खिडकीतल्या मुलीने मला पाणी आणून दिलं. कोणी वाईट वागत नाही, हेच जास्त त्रासाचं आहे, भांडायला माणूस सापडत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परवानगी मिळाली आणि परवाना असलेल्या माणसाने व्हॉल्व्ह बसवला. पाना व्हियारियाल बाईने डीकन गेन्सच्या हातात दिला, शेवटचा आटा त्यांनी आवळला. मला ती बाई त्या क्षणी फार आवडली. पण फेरचाचणी सोमवारी, कारण तिचं घड्याळ तपासणीला गेलंय, आणि तपासलेल्या घड्याळाशिवाय कागद चालत नाही. चाचणी सोमवारी, हौद सोमवारी रात्रीपर्यंत भरेल, मंगळवारी पाणी गरम होईल.

ऑर्विलला सांगितलं, मंगळवार. तो म्हणाला, "बघतो, मोकळा आहे का."

१ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी मिस डाफ्नीने मला स्वयंपाकघरात नेलं. "मिसेस टॉलिव्हर, काही करायचं असेल तर आज. उद्याचं मी सांगू शकत नाही."

डीकन गेन्स अंगणातच होते. म्हणाले, "पक्कड आहे माझ्याकडे. तोडतो ती चिठ्ठी." मी पण क्षणभर हो म्हणणार होते. पण भरायला पाच तास आणि गरम व्हायला रात्र, चिठ्ठी तोडून मिळणार काय? मग मी म्हटलं, "डीकन, गाडी काढा. पलीकडे जायचंय." त्यांनी कुठे ते विचारलं नाही.

धाकटे रेव्हरंड टार्व्हर शिडीवर चढून उद्याच्या फलकावर अक्षरं लावत होते. मला बघून खाली उतरले. मी म्हटलं, "मी मागायला आले आहे."

"माहीत आहे, सिस्टर टॉलिव्हर. पाणी तयार आहे. गरम आहे."

मला वाटलं लॉकेट आधी बोलले असतील. ते नाही म्हणाले. "ब्रदर ऑर्विल आले होते, दहा तारखेला. गाडीतून उतरता आलं नाही त्यांना, खिडकीशीच उभा राहून बोललो. म्हणाले, बायको येईल विचारायला, हौद भरून ठेवा. तेव्हापासून दर आठवड्याला पाणी बदलतो आम्ही."

"मग मला एक फोन करायचा."

"दोनदा उचलला होता. पण त्यांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, मी सांगितलं म्हणून ती आली तर ते तिचं येणं नाही."

मी तिथेच शिडी धरून उभी राहिले. म्हटलं, "रेव्हरंड, तुमच्या वडिलांच्या वेळी तीन चिठ्ठ्या..."

"आज नको, सिस्टर," ते म्हणाले. "आज वेळ नाही."

खुर्ची चढवता येते अशी त्यांची व्हॅन आणि चार माणसं तासाभरात आमच्या दारात होती. पण तेवढ्यात ऑर्विलचा श्वास बदलला होता. मिस डाफ्नीने मान हलवली. उचलला तर दारापर्यंतही पोचणार नाही, म्हणाली. ते चौघे माझ्या स्वयंपाकघरात टोप्या हातात घेऊन उभे राहिले. काय करावं कोणालाच कळेना. मी त्यांना कॉफी विचारली.

दुपारी त्याने डोळे उघडले.

"कोण आलंय?"

"पलीकडचे."

"कोणी बोलावलं?"

"मी."

"जाऊन?"

"जाऊन."

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "फार रुंद आहे का गं रस्ता?"

मी त्याची उशी सारखी केली. रेव्हरंड टार्व्हर हळूच म्हणाले, वाटीभर पाणी आणून कपाळाला लावू का. मला हो म्हणायचं होतं. देवा, मला त्या वेळी नियम नको होता, पुस्तक नको होतं. पण ऑर्विलनेच बोट हलवलं. "शिंपडू नका. नंतर हिला झोप यायची नाही." मग त्याने डोळे मिटले, आणि त्यानंतर काही बोलला नाही.

२ मार्च, रविवार

ऑर्विल आज सकाळी सव्वासहाला गेला. मी हात धरला होता.

३ मार्च, सोमवार

फेरचाचणी झाली. दोन्ही झाकणं घट्ट धरतात. बाईने लाल चिठ्ठी काढली, कागदावर 'पास' लिहिलं आणि मालकाची सही मागितली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, "मग, कधी आहे बाप्तिस्मा?"

मी सही केली आणि सांगितलं, आता नाही. कागद दुपारी खात्यात दिला. त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, पुढची चाचणी वर्षाने.

६ मार्च, गुरुवार

त्याला आज पुरलं. पलीकडचे सगळे आले, रस्ता ओलांडून, आणि मागच्या बाकांवर बसले. पुढे जागा होती तरी मागेच बसले. झगा मी त्याला घातला, खालची पट्टी जोडून.

रेव्हरंड लॉकेट म्हणाले, देव माणसाचं मन बघतो. हे मी स्वतः कितीतरी बायकांना सांगितलंय, त्यांचा हात हातात घेऊन, आणि त्या माझ्याकडे कशा बघायच्या ते आज मला कळलं. मला तो भेटेल की नाही, मला माहीत नाही. तीन आठवडे पाणी वीस पावलांवर होतं आणि मी ह्यूस्टनच्या मालाची वाट बघत बसले, एवढं मात्र मला माहीत आहे.

जेवणं झाल्यावर रेव्हरंड टार्व्हर माझ्याजवळ आले. "सिस्टर, हौद अजून भरलेलाच आहे. रिकामा करू का? तुमची हरकत नसेल तर."

मी म्हटलं, थांबा, मी येते.

डीकन गेन्सनी माझा हात धरून मला रस्त्यापलीकडे नेलं. पाणी अजून कोमट होतं, मी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. रेव्हरंडनी तळाची तोटी उघडली. मग आम्ही तिघे हौदाच्या कडेला खुर्च्या घेऊन बसलो. कोणी प्रार्थना म्हटली नाही. सगळं पाणी जायला पन्नास मिनिटं लागली.